द्रोणाला न लागणारी रेघ

पोशेऱ्याच्या पाड्यावर जयवंतीविषयी बोलताना लोक म्हणत, की तिच्यासमोर जपून हसावे. बाकीची माणसे हसणाऱ्याचे दात पाहतात. ही ओठांवरच्या भेगा मोजते. शेजारची गौरा त्याच्याही पुढे जाई. "हिच्या घरी चहा पिऊन उठलं, की ही पहिल्यांदा आपला कप उचलते आणि उजेडाला धरते," ती सांगे. "आपण कप धड ठेवला की चावून ठेवला, काय बघते कोण जाणे." आणि पाड्याच्या वरच्या टोकाला राहणारी बायडीआजी एका वाक्यात निकाल देई: "पोर वाईट नाय. पण देवानं दिलेल्या तोंडाला तिला कुंपण लागतं."

कुंपणाचे बोलणे अगदीच खोटे नव्हते. मोखाड्याच्या एसटी स्टँडमागच्या गल्लीत जयवंतीचे एका खोलीचे ब्यूटी पार्लर होते. एक फिरती खुर्ची, एक आरसा आणि भिंतीवर एक जुने कॅलेंडर. कॅलेंडरवरच्या बाईकडे बोट दाखवून कोणी "मला असं करा" म्हणाले, की जयवंती "तसं जन्मावं लागतं, बस" एवढे म्हणून विषय संपवी. भुवया, केस, नवरीचा साज, सगळे ती करी; पण नाव झाले होते ते ओठांमुळे. तिचे म्हणणे असे, की भुवई बिचारी जागच्या जागी बसून असते, तिला कोणीही कोरावे. ओठ मात्र बोलतात, खातात, शिव्या देतात, रुसतात आणि लोकांच्या घरी जाऊन चहा पितात. अशा जागेवर रंग टिकवून दाखवणे म्हणजे काम. आणि तो टिकतो तो रंगाच्या गुणाने नव्हे, तर रंगाआधी काढलेल्या रेघेच्या गुणाने. त्या रेघेच्या कांडीला बाजारात लिपलायनर म्हणतात. जयवंती तिला नुसतीच पेन्सिल म्हणे.

गंमत अशी, की रेघ ती शिकली होती बायडीआजीकडूनच. बायडीआजी त्या डोंगरपट्टीतली धवलेरी, म्हणजे लग्नाची गाणी म्हणून लग्न लावणारी बाई. तिथे लग्नाला भटजी नसला तरी चालते, धवलेरी लागते. ती गायली की लग्न लागले. ती उठून गेली, तर मांडवात नुसता स्वयंपाक उरतो. लग्नाआधी घराच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने देवीचा चौक लिहितात. त्या वेळी लहानगी जयवंती पीठ कालवून द्यायला बसे, आणि बायडीआजी सवाशिणींच्या हातातल्या काडीवर नजर रोखून बजावी, "आधी कड. कड धड नसली तर आत देवी बसत नाय."

दहावीनंतर जयवंती दोन हंगाम ठाण्याला राहिली. बांधकामावर गेलेल्या चुलत्याच्या ओळखीने तिला एका पार्लरमध्ये कापलेले केस झाडण्याचे काम मिळाले. तिथल्या मॅडमने एकदा एका नवरीला लालभडक लिपस्टिक लावली, आणि अर्ध्या तासात ती ओठांभोवतीच्या बारीक सुरकुत्यांतून, बांध फुटलेल्या खाचरातल्या पाण्यासारखी, वाट मिळेल तिकडे निघाली. केर भरता भरता जयवंती म्हणाली, "मॅडम, पहले बाउंड्री मारने का था ना." मॅडमने तिच्याकडे त्या केराकडे पाहावे तसे पाहिले, पण पुढच्या नवरीच्या वेळी पेन्सिल तिच्याच हातात दिली. जयवंतीने श्वास रोखला, मनातल्या मनात भिंतीवरचा चौक समोर आणला आणि एका ओढीत वरच्या ओठाची कड लिहिली. त्यानंतर जव्हारला तीन महिन्यांचा वर्ग, पाड्यातल्याच सोम्याशी लग्न आणि मोखाड्याची खोली, हे सगळे ओघाने आले.

तिची पद्धत मात्र कोणत्याही वर्गात शिकवलेली नव्हती. ढेकळे तशीच ठेवून कोणी रोप लावत नाही, असे म्हणून ती ओठांची मशागत तीन दिवस आधी सुरू करी. झोपण्यापूर्वी मोहाच्या बियांचे तेल लावायचे. थंडीत ते तुपासारखे थिजते. ते बोटाच्या उबेने विरघळवून ओठांवर जिरवायचे. सकाळी कोमट पाण्यात पिळलेले मऊ फडके ओठांवर धरायचे, मग दळलेली साखर तेलात कालवून हलक्या हाताने एक फेरा, फार तर दीड. "रक्त आलं तर तू ओठ नाय घासलेस, भांडं घासलंस," ती बजावी. सगळ्यांत कडक हुकूम शेवटी येई: "जीभ आत." ओठ कोरडे पडले की माणूस ते चाटते आणि चाटले की ते अधिक फुटतात, हे तिला नवरीगणिक समजावून सांगावे लागे. हा हुकूम तीन दिवस पाळलेल्या नवऱ्या सासरीसुद्धा चांगल्या ठरतात, असे सोम्या म्हणत असे. म्हणताना तो जयवंतीपासून हातभर लांब बसे.

पेन्सिल निवडण्याची तऱ्हा याहून निराळी. रंग ती दुकानात शोधतच नसे. गिऱ्हाइकाचा खालचा ओठ अंगठ्याने किंचित उलटून आत जो रंग दिसेल, त्याच्याहून नखभर गडद पेन्सिल ती घेई. मग ती स्वतःच्या मुठीच्या पाठीवर ओढून बघायची, वीस आकडे मोजायचे आणि अंगठ्याने पुसायची. कडक असेल तर कातडी ओढते, फार मऊ असेल तर उन्हात पाघळते. एवढ्या परीक्षेत पास झालेली पेन्सिल मग शेवटच्या परीक्षेला बसे. जयवंती ती स्वतःच्या ओठांना लावून नाचणीची भाकर आणि सुकटीची चटणी खाई, वरून स्टीलच्या पेल्यातून पाणी पिई, आणि पेला उजेडाला धरी. पेल्याची कड स्वच्छ असेल तर पेन्सिल कामाची. अशा पेन्सिली ती घरात पाण्याच्या माठाखालच्या ओल्या वाळूत, टोपणे वर करून रोवून ठेवी, म्हणजे त्या गार राहत आणि तासल्यावर टोक धरत. नापास झालेल्या मात्र बिस्किटांच्या एका पत्र्याच्या डब्यात झाकण लावून पडत. पेरणीच्या बोलीत सांगायचे तर रोपे उघड्यावर होती आणि पोचट बियाणे डब्यात.

डब्यातली शेवटची भरती पौषात झाली. नाशिककडून महिन्यातून एकदा मोटरसायकलवर दोन पिशव्या लादून धर्मेंद्र नावाचा विक्रेता येई. त्या खेपेला त्याने सोनेरी टोपणाची एक पेन्सिल पुढे केली. रंग पिकल्या जांभळाचा.

"ताई, नवीन आलीय. वॉटरप्रूफ. चोवीस तास हलत नाही."

"चोवीस तास कोणी बघितले?"

"कंपनीनं बघितले की."

"कंपनी जेवते का?"

धर्मेंद्रला या प्रश्नाची सवय नव्हती. जयवंतीने त्याला खुर्ची दाखवली. त्याला वाटले, चहा येणार. तिने पेन्सिलीचे टोक तासले.

"ताई, मी पुरुष आहे."

"ओठ आहेत ना? मग बस. जीभ आत."

त्या दिवशी पार्लरमध्ये दोन बायका भुवयांसाठी ताटकळत होत्या. त्यांनी आपला नंबर आपण होऊन मागे ढकलला. जयवंतीने त्याच्या मिशीखाली अशी सुबक कड ओढली, की त्यातली एक म्हणाली, "भाऊ, तुम्हाला शोभते हो." मग भाकर आली, चटणी आली. धर्मेंद्र मुकाट्याने जेवला. चटणी तिखट असल्यामुळे त्याने पाणी दोनदा मागितले. जयवंतीने पेला उचलून दाराशी नेला. कडेवर जांभळी चंद्रकोर उमटली होती.

"हे काय?"

"ताई, ते चटणीचं असणार."

"चटणी कधीपासून गोल रेघ ओढायला लागली?"

उरलेली रेघ पुसायची त्याला आठवण राहिली नाही, आणि करून द्यावी असे त्या खोलीत कोणालाच वाटले नाही. पुढच्या दुकानात त्याचे स्वागत कसे झाले याच्या तीन वेगवेगळ्या हकिगती मोखाड्यात आजही सांगितल्या जातात. सोनेरी टोपणाची पेन्सिल तो "राहू द्या, सॅम्पल" म्हणून टाकून गेला होता. जयवंतीने ती घरी नेऊन पत्र्याच्या डब्यात टाकली.

इथपर्यंत सगळे मजेत चालले होते. पण त्याच्या आदल्या वर्षी वांगणीच्या एका लग्नात एक गोष्ट घडून गेली होती, आणि तिची सावली आता जयवंतीच्या दारात येऊन उभी राहिली.

त्या बाजूला बायडीआजीची एक रीत होती. गाणी सुरू करण्यापूर्वी नवरीने पळसाच्या द्रोणातून ताडीचा एक घोट घ्यायचा, मग धवलेरीने आपल्या द्रोणातून एक घोट घ्यायचा, आणि रिकामे झालेले दोन्ही द्रोण चौकाच्या पायथ्याशी शेजारी शेजारी ठेवायचे. वांगणीची नवरी कुठल्याशा शहरातून ओठ रंगवून आली होती. तिच्या द्रोणाच्या हिरव्या कडेवर लालजर्द डाग उमटला. बायडीआजीने तो द्रोण सगळ्यांना दिसेल असा वर धरला. "हे उष्टं तोंड मी देवीच्या पायाशी ठेवू?" असे विचारून ती उठली आणि मांडवाबाहेर जाऊन बसली. नवरीचे तोंड साबणाने तीनदा धुतले गेले, ती रडली, तिची आई रडली, आणि सूर्य डोक्यावर आल्यावर कुठे पहिले गाणे सुरू झाले. ते रंगकाम जयवंतीचे नव्हते. पण लोकांना रंग म्हटले की जयवंतीच आठवे.

आता माघात तिच्या नणंदेच्या मुलीचे, चंदाचे लग्न ठरले होते. चंदा जव्हारच्या एका कार्यालयात कारकून होती. मुलगा वावर गावचा, मंगेश नावाचा, शाळामास्तर. लग्न पोशेऱ्यात, आणि गाणार अर्थातच बायडीआजी. आश्रमशाळेत असताना थंडीत चंदाचे ओठ असे फुटत, की वर्गातल्या पोरी तिला उन्हाळ्यातले खाचर म्हणत. ती मामीला म्हणाली, "मामी, बाकी काही नसलं तरी चालेल. तोंडाला पावडरसुद्धा नको. पण लग्नात मला ओठ पाहिजेत."

"मिळतील," जयवंती म्हणाली. तिने चंदाचा खालचा ओठ उलटून पाहिला. करवंद फोडल्यावर आत जो रंग दिसतो, तो तिथे होता.

ही बातमी पाड्याच्या वरच्या टोकाला पोचायला दुपार पुरली. संध्याकाळी गौरा निरोप घेऊन आली. निरोप देण्यात तिला जो आनंद होत होता, तो तिने पदराआड धरला होता.

"आजी म्हणते, चंदाच्या द्रोणावर रेघ दिसली तर मी उठणार. आणि यापुढं तू सजवलेली नवरी ज्या मांडवात असेल, त्या मांडवात पाय ठेवणार नाय."

"अजून काय म्हणते?"

"अजून काय म्हणायला पाहिजे, बाय?"

खरेच, अजून काही लागत नव्हते. त्या पट्टीत दुसरी धवलेरी नव्हती. जयवंतीच्या खुर्चीत बसलेल्या मुलीचे लग्न अडते असे एकदा झाले, की कोणती आई आपली मुलगी तिथे पाठवणार? मोखाड्याच्या खोलीला कुलूप लावून पुन्हा ठाण्याला केस झाडायला जाणे, एवढेच मग हातात उरले असते. सोम्याने सुचवले, की चंदाला नुसते तेल लावून बसव. जयवंतीने त्याच्याकडे असे पाहिले, की तो गोठ्यातले काम आठवून उठला.

लग्नाला पाच दिवस उरले, आणि त्या सकाळी, माघाच्या कोरड्या वाऱ्याने फुटलेला खालचा ओठ पदराने दाबून, बायडीआजी स्वतः जयवंतीच्या अंगणात उभी राहिली. भेग बरोबर मध्यावर होती. तोंड उघडले की रक्त येई. आणि गाणे काही तोंड मिटून म्हणता येत नाही.

"औषध दे," ती म्हणाली. "रंग नको."

"रंग कोणी देत पण नाय. बस, आजे."

जयवंतीने तेल बोटावर घेतले आणि त्या ओठांवर जिरवले. वयाने आणि मशेरीने ते काळवंडले होते.

"तीन दिवस मशेरी बंद."

"मग जगू कशावर?"

"भाकरीवर. सगळे जगतात. आणि जीभ आत."

"जीभ आत ठेवून गाणार कशी गं?"

"गाणं लग्नात. आत्ता जीभ आत."

बायडीआजीला अख्ख्या डोंगरपट्टीत असा हुकूम कोणी सोडला नव्हता. तिने तो पाळला, यातच तिला भेगेची किती धास्ती वाटत होती ते कळते. ती तीन दिवस सकाळी येत राहिली. ओठांवर कोमट फडके धरले असताना तिला बोलता येत नसे. त्यामुळे ती डोळ्यांनी घर तपासत बसे. माठाखालच्या वाळूत रोवलेल्या पेन्सिली तिने पहिल्याच दिवशी पाहिल्या.

"ह्या काय वालाच्या शेंगा लावल्यास?"

"पेन्सिली हायेत. गार राहतात."

"आणि डब्यात काय?"

"ते राहू दे, आजे," जयवंती म्हणाली आणि पाणी कोमट करायला आत गेली.

चौथ्या दिवशी भेग मिटली होती. जयवंतीने हातात आरसा दिला. म्हातारीने तो आधी लांब धरला, मग जवळ आणला, मग पुन्हा लांब धरला.

"हे माझेच हायेत?"

"तुझेच. मशेरीखाली पुरून ठेवले होतेस."

बायडीआजी आरशात जरा जास्तच वेळ पाहत राहिली. मग "द्रोण मी बघणार हाय, विसरू नको" असे बजावून निघून गेली. संध्याकाळी जयवंतीला पत्र्याच्या डब्याचे झाकण तिरपे दिसले. आत सोनेरी टोपण नव्हते. तिने सोम्याला विचारले.

"मी कुठं लावू ती? कानाला?" सोम्या म्हणाला.

उंदराने नेली असेल, अशी समजूत घालून तिने झाकण नीट बसवले. टाकाऊ वस्तूसाठी झोप घालवण्याइतका वेळ तिच्यापाशी नव्हता.

लग्नाच्या सकाळी तिने चंदाला अंगणात, भर उजेडात बसवले. तीन दिवसांच्या मशागतीने ओठ मऊ झाले होते. आदल्या रात्रीच्या तेलाचा अंश राहू नये म्हणून तिने ते कोरड्या फडक्याने टिपले. वाळूतून करवंदी रंगाची पेन्सिल काढली. वरच्या ओठाच्या मधल्या खोबणीपासून सुरुवात करून दोन्ही कोपऱ्यांपर्यंत कड नेली; ओठाच्या बाहेर केसभरसुद्धा नाही, कारण दुसऱ्याच्या वावरात बांध सरकवणाऱ्यांविषयी तिचे मत पाड्यावर सगळ्यांना ठाऊक होते. मग लिपस्टिकच्या वाटेला न जाता तिने त्याच पेन्सिलीने आतला सगळा ओठ भरला. वर पातळ कागद ठेवून पावडरीचा हलका हात फिरवला, कागद काढला आणि पुन्हा एकदा भरला. शेवटी चंदाला भाकरीचा तुकडा खायला आणि पेलाभर पाणी प्यायला लावले. पेला उजेडाला धरला. कड कोरी होती. चंदाने आरशात पाहिले आणि विचारले, "मामी, लावलं की नाही लावलं?"

"असं विचारावंसं वाटलं म्हणजे लागलं," जयवंती म्हणाली.

मांडवात बायका दाटीवाटीने बसल्या होत्या. त्या आज नवरीकडे नव्हे, तर पळसाच्या पानांकडे पाहायला आल्या होत्या हे त्यांच्या माना सांगत होत्या. तेवढ्यात बायडीआजी आली. धुवट लुगडे, गळ्यात मण्यांच्या माळा, आणि चाल अशी की जणू चौकातली देवी तिलाच विचारून भिंतीवर बसली आहे. गौरा कुजबुजली, "आजीचे ओठ बघ गं. जांभळासारखे खुललेत."

"तीन दिवस मशेरी बंद होती ना," कोणीतरी म्हणाले.

जयवंतीने आजीच्या ओठांकडे नीट पाहिले. मशेरी बंद केल्याने ओठ खुलतात हे खरे. पण त्यांना अशी कड येत नाही. कड लिहावी लागते. आणि ही कड पन्नास वर्षे चौकाची कड तपासत आलेल्या बाईने स्वतः लिहिली होती. कोपऱ्यात थरथर नाही, मध्यावर जाड नाही, दोन्ही बाजू तराजूत तोलल्यासारख्या. एवढी सरळ रेघ जयवंतीला स्वतःला पहिल्या ओढीत जमली नसती. रेघेत एकही दोष नव्हता. सगळा दोष पेन्सिलीत होता, आणि ती पेन्सिल पेल्याला लागते हे त्या मांडवात एकटी जयवंती जाणत होती.

आता काही करायला वेळ राहिला नव्हता. चंदापुढे द्रोण आला. तिने एक घोट घेतला. बायडीआजीने द्रोण हातात घेऊन उन्हाच्या कवडशात फिरवला, एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून. कडेवर अंगठा घासून अंगठा पाहिला. बायका पुढे झुकल्या. पान हिरवे होते आणि हिरवेच राहिले.

"हं," बायडीआजी म्हणाली. त्या एका अक्षरात तिने निकाल दिला आणि हार मानली नाही. रिकामा द्रोण तिने चौकाच्या पायथ्याशी ठेवला.

मग तिने आपला द्रोण उचलला, डोळे मिटून घोट घेतला आणि तो दुसऱ्या द्रोणाशेजारी ठेवायला हात पुढे केला. हात मध्येच थांबला. पळसाच्या हिरव्या कडेवर जांभळी चंद्रकोर उमटली होती, सुबक आणि ठसठशीत.

म्हातारीने मान वर केली. तिची नजर थेट जयवंतीच्या नजरेत गेली. जयवंतीने एक शब्द उच्चारला असता, तर वांगणीच्या नवरीचे, तिच्या आईचे आणि सगळ्या निरोपांचे उट्टे त्या मांडवात एका क्षणात निघाले असते. मात्र चंदाचे लग्नही तिथेच थांबले असते. जयवंतीने खाली पाहिले आणि आपल्या पदरावर नसलेली धूळ झटकली.

"काय झालं, आजे?" गौराने मान लांब केली.

"पान फाटकं हाय," बायडीआजी म्हणाली. तिने द्रोण मुठीत चुरगाळला आणि कनवटीला खोचला. "दुसरं आणा. कोणी निवडली ही पानं?"

दुसरा द्रोण आला. तो तिने ओठांना लावलाच नाही. वरून धार सोडून घोट घेतला. अशी रीत याआधी कोणी पाहिली नव्हती. पण धवलेरी करते ती रीत, असे समजून दोन म्हाताऱ्यांनी माना डोलावल्या. तो कोरा द्रोण चंदाच्या द्रोणाशेजारी बसला आणि बायडीआजीने तोंड उघडले. मध्यावरची भेग उघडली नाही. आवाज असा लागला, की बाहेर चुलीपाशी बसलेल्या पुरुषांनी बिड्या विझवल्या. प्रत्येक लग्नात नवरीच्या मामीवर एक टोमण्याची ओळ रचून गाण्याची तिची खोड होती. त्या ओळीची बायका शेवटपर्यंत वाट पाहत राहिल्या. त्या दिवशी ती ओळ आली नाही. सूर्य डोक्यावर यायच्या आत लग्न लागले. मंगेश मास्तर चंदाकडे पाहून दोनदा अडखळला, तेव्हा सोम्या शेजाऱ्याला म्हणाला, की ओठांचा खर्च वसूल झाला.

जेवणे उरकल्यावर जयवंती घराच्या मागच्या बाजूला दगडावर बसून आपले ब्रश धूत होती. बायडीआजी काठी टेकत आली आणि शेजारच्या दगडावर बसली. ओठ पदराने घासून स्वच्छ केलेले होते. तरी कोपऱ्यात जांभळा ठिपका राहिला होता. मग तिने तंबाखूची चंची सोडली, आतून सोनेरी टोपणाची पेन्सिल काढली आणि दगडावर ठेवली.

"डब्यात झाकून ठेवली होतीस," ती म्हणाली. "म्हटलं, चांगली असणार. बियाणं आणि चांदी कोण उघड्यावर ठेवतं? आणि तू तर सगळ्या शेंगा वाळूत रोवून बसलीस."

जयवंती ब्रश पिळत राहिली.

"कड मात्र सरळ आली होती," म्हातारी म्हणाली.

"आली होती."

"तू बघितलंस?"

"मांडवात आलीस तेव्हाच."

बायडीआजीने काठी या हातातून त्या हातात घेतली. "मग तिथंच का नाय बोललीस? मी तर तुझं दुकान बंद करायला निघाले होते."

जयवंतीने पेन्सिल उचलली, टोपण काढून टोक पाहिले आणि पुन्हा बसवले.

"काय बोलू, आजे? माझ्या घरातली सगळ्यांत भिकार पेन्सिल तू लावून आलीस. चार गावांसमोर माझंच नाव खराब झालं असतं."